इंदूरची दारफाळणी

आमच्या अलिबागेकडचे लोक मुंबईला जातात, पुण्याला जातात, हल्ली काही जण घरदार विकून थेट इस्रायलला जातात. पण इंदूरला कोणी जात नाही. मी जाऊन आलो. तिथे काय पाहिलं असं शेजारी विचारतात तेव्हा मी शेव, टांगे आणि कापडगिरण्या यांची माहिती देतो. ती खोटी नाही, पण अपुरी आहे, आणि अपुरी माहिती देणं माझ्या स्वभावात बसत नाही. म्हणून सगळं लिहून काढतो आहे.

आधी आमच्याविषयी. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी. घरात मराठी बोलतो, तांदळाची भाकरी आणि खवल्यांचे मासे खातो, शनिवारी काम करत नाही. वाडवडिलांचे तेलाचे घाणे होते आणि ते शनिवारी बंद असत, म्हणून गावातले जुने लोक आम्हाला अजून शनवार तेली म्हणतात. वर्षातला आमचा सर्वांत कडक दिवस दारफाळणीचा. आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, आणि दुसऱ्या दिवशी आकाशात तारे दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. वर्षभराच्या पापांची क्षमा मागायची. आम्ही वर्षभर कसेही वागत असलो तरी तो एक दिवस चुकवत नाही.

मी लोकल बोर्डात हिशेबनीस आहे. वय सेहेचाळीस. घरी बायको, तीन मुलं आणि चौऱ्याऐंशी वर्षांचे बाबा. यंदा नव्या वर्षाचा सण झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता बाबा म्हणाले, "दानू, या वर्षी दारफाळणी इंदूरला करू. हसाजीकडे."

हसाजी हा आमच्या चुलतभावाचा मुलगा. इंदूरच्या एका गिरणीत रंगखात्यात आहे. तिथे आमची चार-पाच घरं असतील. सामुदायिक प्रार्थनेला आमच्यात दहा पुरुष लागतात. दहा नसतील तर काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. इथे आमची मशीद (आमच्या प्रार्थनामंदिराला आम्ही मशीदच म्हणतो) घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि बाबांना ती सोडून जायचं होतं.

"बाबा, तिथे दहा माणसं जमणार नाहीत," मी म्हणालो.

"मला दहा नको आहेत. एक पाहिजे."

मला वाटलं, हसाजीबद्दल बोलताहेत.

खंडव्याच्या पुढे

लाँच, मुंबई, रात्रीची गाडी यांचं वर्णन करत नाही; ते सगळ्यांना माहीत आहे. खंडव्याला मोठी गाडी सोडून छोट्या रुळांची गाडी घ्यावी लागते. तिथे उतरताना बाबांची एक चप्पल फलाट आणि डबा यांच्या फटीत पडली. मी हमालाला हाक मारणार, तोवर बाबांनी दुसरीही पायातून काढली आणि तिच्यामागोमाग टाकून दिली.

"अहो!"

"असू दे. दारफाळणीला तसंही कातडं पायात घालायचं नसतं. दोन दिवस आधीच निघालं."

एवढं मोकळं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला ते चमत्कारिक वाटलं, पण मी प्रवासाच्या गडबडीत होतो.

नर्मदा ओलांडल्यावर गाडी विंध्याच्या घाटात चढायला लागते. पाऊस नुकताच सरला होता. खाली चोरल नदी लाल-पिवळी धावत होती आणि डोंगर इतके हिरवे की आमच्या कोकणाशी तुलना करावी. फरक इतकाच, की इथे सागाची झाडं जास्त आणि माणूस दिसत नाही. काळाकुंड नावाच्या छोट्या स्टेशनात गाडीला मागून दुसरं इंजिन जोडतात. तेवढ्या वेळात विक्रेते पळसाच्या पानांत कलाकंद घेऊन खिडक्यांशी येतात. तो मी घेतला. दाणेदार, कमी गोड, दुधाचा धुरकट वास असलेला. प्रवास करणाऱ्याने तो जरूर खावा.

पुढे बोगदे लागतात. मी सवयीने मोजत होतो. एका बोगद्यातून गाडी बाहेर आली, उजेड पडला, आणि बाबा म्हणाले, "दानू, सामा जिवंत आहे."

माझ्या तोंडात कलाकंदाचा घास होता. तो गिळवेना आणि थुंकवेना. बोगद्यांची मोजणी तिथेच तुटली.

सामा, म्हणजे सॅम्युअल, माझा थोरला भाऊ. मी सहा वर्षांचा असताना तो मुंबईत तापाने वारला, असं मला सांगण्यात आलं होतं. घरातले सगळे सात दिवस भुईवर बसले होते, बाबांचा सदरा छातीवर फाटलेला होता, शेजारच्या घरांतून उकडलेली अंडी आणि भाकऱ्या येत होत्या, एवढं मला आठवत होतं. दर वर्षी त्या तिथीला त्याच्या नावाने खोबरेल तेलाचा दिवा लागे. आई गेल्यावर तो दिवा मी लावू लागलो. म्हणजे मी इतकी वर्षं एका जिवंत माणसाच्या मरणाचा दिवा लावत होतो, आणि ज्यांना हे ठाऊक होतं ते शेजारी उभे राहून बघत होते.

"वारला नव्हता," बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मुंबईला मिशनच्या शाळेत मास्तर होता, तिथे ख्रिस्ती झाला. मी सदरा फाडला. आपल्यात मेलेल्यासाठी बसतात तसा सात दिवस बसलो, तुझ्या आईला बसवलं. तुम्हा लहानांना सांगितलं, ताप आला."

"आईला माहीत होतं?"

"तिला सगळं माहीत होतं. ती गेली त्या दिवशी तो आला होता. कुणी कळवलं कुणास ठाऊक. मी त्याला दारातून परत पाठवला. तू मुंबईहून दुसऱ्या दिवशी पोचलास. तुला कुणी सांगितलं नाही, कारण मी बजावून ठेवलं होतं."

मला राग आला की नाही हे मी आजही सांगू शकत नाही. कानांत फक्त चाकांचा आवाज होता. पाताळपाण्याचा धबधबा आला, डब्यातले सगळे लोक एका बाजूला धावले, मी बसल्या जागी बसून राहिलो. बाबा बोलत होते. नात्यातल्या एका रेल्वे गार्डने गेल्या वर्षी त्यांना सांगितलं होतं : सामा इंदूरला आहे, पाद्री झाला आहे, आणि हसाजीच्या घरापासून त्याचं घर जवळच आहे.

"मग आता तुम्ही काय करणार?" मी शेवटी विचारलं.

"माफी मागणार. देवाविरुद्ध केलेलं पाप दारफाळणीला देव बघून घेतो. माणसाविरुद्ध केलेलं, त्या माणसाने माफ केल्याशिवाय देवही पुसत नाही. सूर्य मावळायच्या आत ते उरकायचं असतं."

"पूर्वी बोकड सोडायचे ना?"

"सोडायचे. यरुशलेमात मंदिर होतं, महायाजक होता. दोन बोकड आणायचे. एक देवाला कापायचा, दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून महायाजक सगळ्या लोकांची पापं बोलून दाखवायचा आणि त्याला रानात घालवून द्यायचा. आता मंदिर नाही, बोकड नाही. आणि आपल्या बेने इस्रायलांत तर याजकांचं एकही घराणं नाही." बाबा जरासे हसले. "चौऱ्याऐंशी वर्षांत माझ्या घरात एक याजक निघाला, तो असा."

शुक्रवार, सियागंज

हसाजी सियागंजात एका किराण्याच्या वखारीवर राहतो. खाली दिवसभर मिरच्यांची, धण्याची, गुळाची पोती चढतात-उतरतात. वर बोलायला तोंड उघडलं की शिंक येते. त्याची बायको बाळंतपणाला पेणला गेलेली, त्यामुळे जेवण शेजारच्या भाऊसाहेबांकडून आलं. भाऊसाहेब साठीचे, मराठे, होळकर संस्थानच्या दफ्तरातून निवृत्त झालेले. त्यांच्या घरात मांस शिजत नाही, म्हणून आम्हालाही ते चालतं. मक्याचं कोवळं कणीस किसून दुधात शिजवलेला कीस होता, त्यावर शेव. डाळीवर शेव, पोह्यावर शेव. मी विचारलं, शेव नसेल तेव्हा काय करता? भाऊसाहेब म्हणाले, "तेव्हा जेवत नाही."

त्यांची मराठी ऐकायला मौज वाटते. वाक्य मराठीत सुरू होतं आणि मध्येच हिंदीच्या घरात चक्कर मारून येतं. संस्थान विलीन होऊन मध्य भारत राज्य झाल्याचा त्यांना राग आहे. "पहिले आमचं स्वतःचं राज्य होतं, भिया. आता उन्हाळ्यात राजधानी इथं आणि थंडीत ग्वाल्हेरला. फायली बेचाऱ्या अशा फिरतात जशी माहेरवाशीण. विचारायला गेलं तर बाबू बोलतो, तुमची फाइल ग्वाल्हेरला आहे, आली की सांगतो. आणि ती तर रस्त्यात असते!"

हसाजीने दिवे लावले, मनुका भिजवून काढलेल्या रसावर मी शुक्रवारची प्रार्थना म्हटली. भाऊसाहेब दाराशी शांत बसून होते. झाल्यावर बाबांनी त्यांनाच विचारलं, "मला एका माणसाची माफी मागायला जायचं आहे. आमच्यात तीन माणसं बरोबर न्यावी लागतात. हे दोघं आहेत. तिसरा नाही."

"माफी मागायला तीन माणसं? कशासाठी, उचलून आणायला?"

"समोर मागितली, हे बघायला. त्याने माफ केलं नाही, तर पुन्हा जायचं. असं तीन वेळा."

भाऊसाहेबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "बाबाजी, लग्नात साक्षी राहिलो, खरेदीखतावर राहिलो. माफीला कुणी बोलावलं नाही आजतक. येतो ना मी. कोणाची मागायची आहे?"

"मुलाची."

भाऊसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मुलाची? बापाने? नाही हो, उलटं झालं काहीतरी."

मला तेच म्हणायचं होतं, पण मी म्हणालो नव्हतो.

शनिवार, स्नेहलतागंज

शनिवारी आम्ही वाहनात बसत नाही. सियागंजातून स्नेहलतागंजपर्यंत चालत गेलो. बाबा अनवाणी, पांढरं धोतर, डोक्यावर टोपी. चौघांची मिरवणूक बघून एक टांगेवाला बराच वेळ आमच्या बाजूने चालत राहिला. "बाबूजी, बिठा लूं? बुजुर्ग नंगे पैर चल रहे हैं, देखा नहीं जाता." भाऊसाहेबांनी त्याला हाकलला.

बैठं कौलारू घर, पुढे जास्वंद. दार एका बाईने उघडलं. ती वहिनी होती, सुशीलाबाई, इथल्याच सांवेरकडच्या गावातली. तिने बाबांकडे पाहिलं आणि एकदम डोक्यावर पदर घेतला. कुणी काही सांगितलं नव्हतं. कारण आतून जो माणूस बाहेर आला तो बाबाच होते, वीस वर्षांनी तरुण. तेच कपाळ, तेच लांब कान, मान किंचित डावीकडे झुकवून बघायची तीच रीत. ज्याचं तोंड मला आठवत नव्हतं, ते मी रोज समोर बघत होतो.

सामादादा पुढे आला आणि बाबांच्या पायांवर वाकला. बाबांनी पाय मागे घेतले.

"थांब. आधी ऐक. तू जिवंत असताना मी तुझं मरण पाळलं. तुझी आई गेली त्या दिवशी तुला दारातून घालवलं. मी चुकलो. मला माफ कर."

"बाबा, काय बोलता! आत या, बसा."

"माफ केलं म्हण."

"माफ करायचं काही राहिलेलंच नाही. ते सगळं फेडून झालं आहे. एकाने सगळ्यांसाठी एकदाच फेडलं. तुमचं, माझं, सगळ्यांचं."

"कुणी फेडलं?"

"तुम्हाला माहीत आहे, मी कुणाविषयी बोलतो."

"त्याचं मी काही केलं नव्हतं," बाबा म्हणाले. "तुझं केलं. तो कसं फेडील?"

दादाचे डोळे भरले होते, आणि तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, लेकाने बापाला माफ करायचं नसतं, मला लाजवू नका. वहिनीने चहा आणला. शनिवारी पेटवलेल्या चुलीवरचा म्हणून आम्ही घेतला नाही, आणि तिला कारण ठाऊक नसल्याने तिचा चेहरा उतरला. दादाने हलक्या आवाजात तिला हिंदीत समजावलं. चाळीस वर्षांनी त्याला ते आठवत होतं.

परत येताना भाऊसाहेब मला म्हणाले, "मामला तर सीधा आहे, भिया. बाप माफी मागतो, मुलगा नको नको म्हणतो. दोघंही भले. मग अडलं कुठं?"

"त्याने शब्द उच्चारला नाही."

"शब्दाचं एवढं?"

"आमच्यात एवढंच आहे."

रविवार सकाळ

रविवारी संध्याकाळी दारफाळणी लागणार होती. सकाळीच आम्ही दादाच्या चर्चजवळ गेलो. बाबा फाटकाशी कडुनिंबाखाली थांबले. आत येणार नाही म्हणाले. हसाजी आणि भाऊसाहेब त्यांच्याजवळ. मी आत गेलो. मी असं कधी केलं नव्हतं आणि पुन्हा करीन असंही नाही, पण मला माझा भाऊ बघायचा होता.

आत सत्तर-ऐंशी माणसं असतील. गिरणीतले कामगार, इस्पितळातल्या नर्सा, दोन म्हाताऱ्या बायका. दादा काळा झगा घालून उभा. प्रार्थना हिंदीत. मग तो शास्त्रातला भाग समजावून सांगू लागला, आणि मी बाकाची कड घट्ट धरून बसलो. तो आमची दारफाळणी सांगत होता. आमचं मंदिर, आमचा पडदा, त्या पडद्याआड वर्षातून एकदा एकट्याने जाणारा आमचा महायाजक, आमचे दोन बोकड. बाबांनी गाडीत सांगितलं ते सगळं, त्याच क्रमाने. एका परक्या शहरातल्या परक्या देवळात, अनोळखी लोक माझ्या घरातलं बोलणं मान डोलावून ऐकत होते. आणि मग शेवट निराळा झाला. तो म्हणाला, बोकडांच्या रक्ताने दर वर्षी तेच करावं लागे, म्हणून एक महायाजक असा आला की त्याने स्वतःलाच अर्पण केलं, एकदाच, आणि काम संपलं. आता दुसरा याजक नको. मीसुद्धा याजक नाही, मी फक्त तुमचा पाळक आहे.

मला पहिल्यांदा कळलं, की आमच्या आणि त्यांच्यात भिंत कुठे आहे. आमचा महायाजक गेला तेव्हा त्याचं काम आमच्या प्रत्येकाच्या अंगावर आलं. त्यांचं काम एकाने अंगावर घेतलं. कुणाचं खरं, ते ठरवायला मी लायक नाही. पण एकाच गोष्टीची दोन टोकं बाप-लेकांनी धरलेली आहेत आणि मधे फाटकाचं अंतर आहे, हे बघून मला धक्का बसला तो बसलाच.

नंतर भाकरी आणि द्राक्षरस वाटला. मी घेतला नाही. पण पेला शेजारून गेला तेव्हा वास आला. भिजवलेल्या मनुकांचा. आमच्या शुक्रवारचा. वहिनीने नंतर सांगितलं, "ये तो इन्होंने ही सिखाया मेरे को. त्यांची माँ अशीच करायची बोलतात."

लोक बाहेर पडू लागले तसे बाबा फाटकातून दोन पावलं पुढे आले, आणि सगळ्यांदेखत त्यांनी हात जोडले. "सामा, दुसऱ्यांदा मागतो. मला माफ कर."

गर्दी थांबली. कुणी तरी विचारलं, कौन हैं ये? दादा पांढराफटक पडला. "मेरे पिताजी हैं," तो म्हणाला. मग मराठीत, दबक्या आवाजात, "बाबा, इथे नको. माझ्या लोकांसमोर तुम्ही हात जोडता? मी नाही तुम्हाला माफ करणार, मी कोण? चला, घरी चला."

बाबांनी हात खाली घेतले. भाऊसाहेब माझ्या कानाशी पुटपुटले, "दोन झाले."

रविवार दुपार

उपवासाआधीचं जेवण लवकर घ्यायचं असतं. भाऊसाहेबांकडून ताट आलं, बाबांनी चार घास खाल्ले.

"चला," मी म्हणालो. "तिसरी वेळ उरकू. त्याने नाही म्हटलं तरी नियमाप्रमाणे तुम्ही मोकळे होता. तीनदा मागितल्यावर तुमच्यावर काही राहत नाही."

"मी जाणार नाही."

"का?"

"तिसऱ्यांदाही नाही म्हणाला, तर पाप माझ्यावरून उठतं. आणि कुठे जातं, ते तुला माहीत आहे ना?"

मला माहीत होतं. मी ते मोजलं नव्हतं. माफी नाकारणाऱ्यावर ते जाऊन बसतं.

"मी एकदा त्याला मेलेला म्हटलं," बाबा म्हणाले. "आता माझं पापही त्याच्या डोक्यावर देऊ? तो काय बोकड आहे? राहू दे माझ्याकडेच. मी असाच बसतो दारफाळणीला."

नियम माझ्या बाजूचा होता, पण त्याचा आता उपयोग नव्हता. मी टांगा केला आणि एकटा दादाकडे गेलो. झगा उतरवून तो अंगणात खुर्चीवर बसला होता. मी उभ्याउभ्याच त्याला सगळं सांगितलं. तिसरी वेळ, पाप कोणाकडे जातं, आणि बाबांनी काय ठरवलं. ऐकता ऐकता तो ताठ झाला.

"त्यांनी असं म्हटलं? स्वतःवर ठेवतो म्हणाले?"

"हो. दादा, एक शब्द आहे. तुमचं काय जातं? बाबांचं वय बघा. पुढच्या वर्षी कोण आहे, कोण नाही."

"तुला वाटतं मी नम्रपणे नाही म्हणतो?" तो एकदम म्हणाला. वहिनी दारात येऊन उभी राहिली. "दानू, दर रविवारी मी ऐंशी माणसांकडून म्हणवून घेतो, आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो तशी आम्हाला कर. इतकी वर्षं म्हणवून घेतो. काल बाबा दारात दिसले आणि मला कळलं, माझ्या मनातून काही गेलेलं नाही. एक कणभर नाही. फेडून झालं, फेडून झालं, हे मी त्यांना नव्हतो सांगत. मी माझीच तोंडदाबी करत होतो. आता 'माफ केलं' म्हणू? खोटं? आणि तेही त्यांच्या दारफाळणीला?"

मला वाटत होतं, भिंत दोन धर्मांची आहे. भिंत या माणसाच्या छातीत होती. वहिनीच बोलली, "तर जे आहे ते बोला ना जाऊन. बाबूजींनी तर आपलं बोलून टाकलं. तुम्हीच गप्प आहात."

टांगेवाला बाहेरून ओरडला, "चलना है के नहीं, साब?" मी एकटाच परत फिरलो.

रविवार, दिवेलागण

हसाजीने घर झाडून पांढरी चादर अंथरली होती. बाबा पांढऱ्या कपड्यांत पाटावर बसले होते. खिडक्या लावून झाल्या, राहिलं ते जिन्याचं दार. खाली वखारींच्या फळ्या लागत होत्या आणि ऊन समोरच्या कौलांवरून वर सरकत चाललं होतं. हसाजी दर मिनिटाला उठून बघत होता.

"आजोबा, लावू?"

"थोडं थांब."

भाऊसाहेब जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते. त्यांना कुणी बसायला सांगितलं नव्हतं. तेच ओरडले, "आले, आले! पादरीजी आले!"

दादा धापा टाकत वर आला. झगा नव्हता, साधा सदरा-पायजमा. तो उंबऱ्यात थांबला, आत आला नाही.

"बाबा, मला आधी बोलायचं आहे. आई गेली त्या दिवशी मी रेवसच्या बंदरापासून चालत आलो होतो. वैशाखाचं ऊन होतं. ओटीवर पाण्याचा माठ होता, मातीला जमलेल्या सगळ्यांना तुम्ही स्वतः पाणी देत होता. मी पुढे झालो तर तुम्ही पेला उपडा ठेवलात. म्हणालात, मेलेल्यांना तहान नसते."

हे बाबांनी मला गाडीत सांगितलं नव्हतं.

"मी परत किनाऱ्यापर्यंत चालत गेलो," दादा म्हणाला. "एका कोळणीने पाणी दिलं. धर्म सोडला म्हणून बोललात ते मी विसरलो, बाबा. आईचं तोंड बघू दिलं नाहीत तेही विसरलो असतो. तो पेला जात नाही."

बाबा उठले. भिंतीला धरून, पण मी पुढे केलेला हात त्यांनी बाजूला सारला.

"हो," ते म्हणाले. "पेला उपडा ठेवला. तसंच म्हणालो. रात्री झोप आली नाही, तरी सकाळी तुझ्यामागे माणूस पाठवला नाही. तेही मोज." मग त्यांनी दोन्ही हात जोडले. "सामा, तिसऱ्यांदा मागतो."

हसाजी कौलांकडे बघत होता, भाऊसाहेब पायरीकडे. मी दादाचे ओठ बघत होतो आणि मला त्या क्षणी त्याची भीती वाटली.

"माफ केलं," तो म्हणाला. आणि पुन्हा, जणू पहिल्यांदा आपल्यालाच नीट ऐकू आलं नव्हतं, "माफ केलं, बाबा."

बाबांनी त्याला हाताला धरून आत घेतलं. समोरच्या कौलांवरचं ऊन गेलं होतं. हसाजीने दार लावलं. भाऊसाहेब बाहेर राहिले ते बाहेरूनच म्हणाले, "तीन झाले, बाबाजी," आणि खाली उतरले. दारफाळणी लागली होती. उद्या तारे दिसेपर्यंत आमच्यापैकी कुणी पाण्याला शिवणार नव्हतं.

बाबा कोपऱ्यातल्या माठापर्यंत गेले. झाकण काढलं, पेला बुडवला, वरून पुसला, आणि दोन्ही हातांनी धरून दादापुढे आणला. पाणी मनगटावरून गळत होतं.

"तुझा उपास नाही ना?"

"नाही."

"घे."

दादाने उभ्यानेच पेला तोंडाला लावला आणि शेवटपर्यंत प्यायला.

"अजून?" बाबांनी विचारलं.

"द्या," तो म्हणाला.